दोराशिवाय

फॉर्मवर दोन चौकोन होते. एकासमोर छापलं होतं 'मदतनीसासह', दुसऱ्यासमोर 'स्वतंत्र'. केंद्रातल्या मॅडमनी फोनवर मला स्पष्ट सांगितलं होतं, खूण दुसऱ्या चौकोनात करायची. मी म्हसळ्याच्या तहसील कचेरीत कारकून आहे. कुठे सही, कुठे खूण, हे लोकांना दाखवण्यातच माझा दिवस जातो. तो फॉर्म मी कचेरीतल्याच टेबलावर भरला, नीट वाचला, आणि खूण पहिल्या चौकोनात केली. हात चुकला नव्हता. मी मुद्दाम केलं.

फॉर्म माझ्या धाकट्या बहिणीचा होता, घोडेस्वारीच्या स्पर्धेचा. ती चौतीस वर्षांची आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात तिला सगळे 'बाय' म्हणतात, तेच इथेही म्हणतो. बायची समज जन्मापासून कमी आहे. तिला घड्याळ वाचता येत नाही, आज कोणता वार ते रोज विचारावं लागतं, आणि समोरचा भरभर बोलायला लागला की ती गप्प होऊन स्वतःच्या नखांकडे बघत बसते. पण विहारातल्या सतरंज्या तिच्याइतक्या सरळ कुणी अंथरत नाही, आणि वाडीत कुणाला ताप आलाय हे तिला आमच्याआधी कळतं. आई गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत मला म्हणाली होती, "हिला सांभाळ." मी त्याचा अर्थ असा घेतला की हिला काही होऊ द्यायचं नाही. रस्ता ओलांडताना तिचं मनगट माझ्या हातात. विहिरीकडे जायचं नाही. एसटीत खिडकीशी ती, बाहेरच्या बाजूला मी.

घोड्याची गोष्ट सुरू झाली श्रीवर्धनच्या समुद्रावर. बाय तिथल्या एका केंद्रात जाते. तिच्यासारखी मोठी माणसं तिथे कागदी पिशव्या करतात, मसाला भरतात. तिथल्या मॅडम पुण्याला राहून अशा मुलांना घोड्यावर बसवायचं शिकून आल्या होत्या. समुद्रावर पर्यटकांना फिरवणारे एक चाचा आहेत, साठीच्या पुढचे, दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांची एक करडी घोडी आहे, बुटकी आणि शांत. मॅडमनी त्यांच्याशी ठरवलं की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, घोडी केंद्राची.

पहिल्या दिवशी मी रजा टाकून गेलो होतो. बाय घोडीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने आधी विचारलं, "हिला बसलेलं आवडतं का?"

चाचा माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "चाळीस साल झाले, हा सवाल मला कुणी केला नाय." मग तिला म्हणाले, "पोटावर हात ठेव. कान मागे केले तर नाय आवडत. पुढे केले तर आवडतं."

घोडीने कान पुढे केले. बाय वर चढली. मी एका बाजूने, मॅडम दुसऱ्या बाजूने, आणि चाचांच्या हातात घोडीचा दोर. अशी आमची वरात ओल्या वाळूतून सुरूच्या झाडांपर्यंत गेली आणि परत आली. माझा शर्ट घामाने भिजला होता. बाय उतरली आणि म्हणाली, "उद्या परत."

तीन वर्षं झाली त्याला. पावसाळ्याचे महिने सोडले तर एकही मंगळवार चुकला नाही. हळूहळू ती लगाम धरायला शिकली, खोगिरात ताठ बसायला शिकली, टाच हलकी लावली की घोडी चालते आणि अंग मागे घेतलं की थांबते, हे शिकली. मॅडम मला सांगत, आता दोराची गरज नाही. मी म्हणायचो, असू दे ना, दोर असला म्हणून काय बिघडतं? आणि ज्या दिवशी मी असेन त्या दिवशी दोर असायचा. मी नसताना नसायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग अलिबागच्या बाजूला बौद्धिक दिव्यांग स्वारांची स्पर्धा आहे असं मॅडमना समजलं. दोन दिवसांची. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बघून गट पाडतात, म्हणजे सारख्यांची सारख्यांशी स्पर्धा होते, आणि दुसऱ्या दिवशी खरी फेरी. घोडे तिथलेच. हे शेवटचं ऐकून मी हबकलो. आपली करडी घोडी नाही, कुठला तरी परका उंच घोडा.

घरी मी बायकोला म्हणालो, "नाही म्हणून सांगावं का?"

बायको अंगणवाडीत आहे, तिला लहान मुलांची आणि त्यांच्या पालकांची, दोघांची सवय आहे. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही भ्यालात म्हणून तिने घरी बसायचं का?"

म्हणून मी नाही म्हटलं नाही. फक्त खूण बदलली. बायकोलाही सांगितलं नाही.

स्पर्धेचं मैदान एका मोठ्या नारळाच्या वाडीमागे होतं. लाकडी कुंपण, आत मऊ लाल माती, एका अंगाला घोड्यांच्या पागा. मैदानात रस्ता आखला होता. जमिनीवर ठेवलेल्या दोन बांबूंच्या मध्ये थांबून पाच आकडे मोजायचे. मग रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या पाच नारिंगी कोनांमधून नागमोडी जायचं. पुढे एका खांबावर अडकवलेली रिंग उचलून दुसऱ्या खांबावर टाकायची, आणि शेवटी परीक्षकांसमोर थांबून मान झुकवायची. सगळं घोड्यावर बसून. बायने कुंपणाबाहेरूनच बोटाने तो रस्ता हवेत तीन वेळा गिरवला.

तिच्या वाट्याला आला तांबडा घोडा, चांगला उंच. त्याच्या सांभाळणाऱ्या माणसाला तिने विचारलं, "हिला काय आवडतं?"

"हा आहे ताई, ही नाही," तो माणूस म्हणाला. "कानामागे खाजवलेलं आवडतं."

बायने कानामागे खाजवलं. मग ती मागे वळून मला म्हणाली, "दादा, हा उंच आहे. तू घाबरू नको."

पहिल्या फेरीत एका माणसाने दोर धरला आणि दोघे दोन बाजूंना चालायला लागले. फॉर्मवर तसंच लिहिलेलं होतं. बांबूंपर्यंत घोडा नीट गेला. बायने पाच आकडे मोजले, मोठ्याने. आणि मग टाच न लावता तशीच बसून राहिली. दोरवाल्याने घोडा ओढला. तिने लगाम मागे घेतला. घोडा बिचारा दोघांच्या मध्ये मान हलवत उभा.

"चला ताई," तो म्हणाला.

"दोर सोडा," बाय म्हणाली. "मी लहान नाय."

मॅडम कुंपणाजवळ धावल्या. परीक्षकांमध्ये पांढरी टोपी घातलेल्या एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाल्या, "इथे तर मदतनीसासह लिहिलंय."

"चूक झाली असेल," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतंत्र सांगितलं होतं." आणि बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन सांगा."

कुंपणाच्या फाटकातून परीक्षकांच्या टेबलापर्यंत पन्नास पावलं असतील. नोकरीत साहेबांसमोर मी चुका कबूल केल्या आहेत, पण ती पन्नास पावलं फार लांब होती. बाय घोड्यावरून माझ्याकडे बघत होती. मी टेबलाशी जाऊन म्हणालो, "खूण मी केली. तिला दोराशिवाय येतं. मला भीती वाटत होती म्हणून मी तसं लिहिलं."

टोपीवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही कोण तिचे?"

"भाऊ."

"पहिला दिवस यासाठीच ठेवलाय," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी तिला दोराशिवाय बघू. जमलं तर त्या गटात घालू. पण एक काम करा. उद्या तुम्ही कुंपणाजवळ उभे राहू नका."

"का?"

"ती दर दहा पावलांनी तुमच्याकडे बघते. घोड्यावरून बाजूला बघितलं की घोडा बाजूला जातो."

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या खोलीच्या ओट्यावर बसलो होतो. बाय शेंगा सोलून खात होती. मी म्हणालो, "बाय, मी खोटं लिहिलं. चुकलो."

तिने शेंग फोडली, दाणे हातावर घेतले. मग एकदम म्हणाली, "शाळेत पण तू मला पकडलं."

मला आधी समजलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग आठवलं. मी बारा वर्षांचा होतो, ती सहाची. गावच्या शाळेत खेळांचा दिवस होता. लहान मुलींच्या शर्यतीत तीही उभी राहिली, शिट्टी वाजली, सगळ्या सरळ पळाल्या आणि ही मैदानाला वळसा घालून उलट दिशेला निघाली. लोक हसायला लागले. मी मुलांच्या रांगेतून धावत गेलो, तिला कमरेला धरून उचललं आणि घरी घेऊन आलो. वडील त्याच शाळेत मास्तर होते. त्यांनी संध्याकाळी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर बाय कधी कुठल्या मैदानावर उतरली नाही. अठ्ठावीस वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी मी तिला वाचवलं.

"तुला आठवतं ते?" मी विचारलं.

"झाडाकडे चालले होते. झाडाला हात लावून येणार होते," ती म्हणाली. मग शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाली, "तू जोरात पकडलं. दुखलं."

मी म्हणालो, "परत नाही पकडणार." ती म्हणाली, "उद्या नको पकडू." तिचं म्हणणं तेवढंच होतं. ती आत जाऊन झोपली. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटत होतं. निदान आता ते माझ्या एकट्याच्या पोटात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानाकडे फिरकलो नाही. चहाच्या टपरीवर तीन चहा प्यालो. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "जमलं. स्वतंत्र गटात घेतलं. अकरानंतर नंबर."

अकरानंतर मी पागांच्या मागे, जिथे गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या तिथे जाऊन उभा राहिलो. तिथे आणखी एक माणूस होता. उरणचा, बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवणारा. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी दुसऱ्या गटात होती, तिची फेरी होऊन गेली होती. त्यालाही आदल्या दिवशी कुंपणापासून हाकललं होतं.

"माझी पोर माझ्याकडंच बघत राहते," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं, बाबा, तुम्ही लांब जा. इथून दिसतं पण तिला आपण दिसत न्हाय. या, इथं उभं राहा."

पेंढ्यांच्या फटीतून मैदानाचा अर्धा भाग दिसत होता. मी म्हणालो, "तुम्ही बघा. मला नाही बघवत. मला सांगा."

लाऊडस्पीकरवर बायचा नंबर पुकारला. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

"निघाली," तो म्हणाला. "मस्त बसलीय. ताठ एकदम."

"दोर?"

"दोर न्हाय. कुणीच न्हाय बाजूला. बांबूत गेली. थांबली. मोजतेय. ऐकू येतंय का?"

ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, चार, पाच. मीही तिच्याबरोबर मोजत होतो.

"चालली. पहिला कोन झाला. दुसरा झाला. तिसरा..." आणि तो थांबला.

तेवढ्यात फडफड असा आवाज आला. समुद्राकडून वारा सुटला होता आणि कुंपणाला बांधलेल्या कापडी फलकाची एक बाजू दोरीतून निसटून फटाफट आपटायला लागली होती. लोकांच्या तोंडून एकदम 'अरे' असा आवाज निघाला.

"काय झालं? काय झालं?"

"घोडा बुजला. पळायला लागला."

मी मान वर केली. फटीतून दिसलं ते असं: तांबडा घोडा कोन सोडून आमच्या बाजूच्या कुंपणाच्या कडेने दुडक्या चालीने सुटला होता, आणि बाय खोगिरात खालीवर आदळत होती. तिचा एक पाय रिकिबीतून निघाला होता. माझे पाय आपोआप हलले. मी दोन पावलं पुढे गेलोही. मग मी थांबलो. स्वतःहून थांबलो असं म्हणायला आवडलं असतं, पण त्या ट्रेलरवाल्याने माझा दंड धरला होता. म्हणाला, "थांबा. पडली न्हाय अजून. बसलीय ती."

बाय बसली होती. तिने किंचाळणं वगैरे काही केलं नाही. ती अंग मागे घेत होती, लगाम हळूहळू जवळ घेत होती आणि तोंडाने म्हणत होती, "होऽ... होऽ... होऽ..." चाचा त्यांच्या घोडीला म्हणतात अगदी तसंच, त्याच खालच्या आवाजात. घोडा चालीवर आला. मग थांबला. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि पाय चाचपडत रिकिबीत घातला.

आणि मग ती हललीच नाही. सगळं मैदान बघत होतं. कुणीतरी धावत जाऊन तो फलक धरला. टोपीवाल्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं.

"काय करतेय ती?" ट्रेलरवाल्याने विचारलं.

मला तिचे ओठ दिसत होते. ती मोजत होती. पाचापर्यंत मोजलं, घोड्याच्या कानांकडे बघितलं. कान पुढे आले होते. मग टाच लावली आणि घोडा वळवून परत कोनांकडे आली. चौथा कोन चुकीच्या बाजूने घेतला, पाचवा बरोबर. रिंग उचलली. दुसऱ्या खांबावर पहिल्यांदा टाकली ती अडकली नाही, काठावर लटकली, तिने वाकून बोटाने आत ढकलली. परीक्षकांसमोर थांबली आणि मान इतकी झुकवली की हेल्मेट घोड्याच्या आयाळीला लागलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेंढ्यांवरच बसलो. ट्रेलरवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि तो माझ्या शेजारी बसला. मी पाणी प्यालो आणि रडलो, आणि रडताना हसूही येत होतं, कारण इतका हलका मी किती वर्षांत झालो नव्हतो ते मला आठवेना. आईने सांगितलं त्या दिवसापासून एक प्रसंग मी मनात रोज बघत आलो होतो, की बाय संकटात आहे आणि मी पोचू शकत नाही. तो प्रसंग आत्ता माझ्या डोळ्यांसमोर घडून गेला होता. मी पोचलो नव्हतो. आणि ती ठीक होती.

"माझंबी असंच झालं मघाशी," ट्रेलरवाला म्हणाला. "तुम्ही यायच्या आधी. म्हणून तर बाटली जवळ ठेवलीय."

बायच्या गटात चौघं होती. बाय तिसरी आली. गळ्यात पितळी रंगाचं पदक घालताना टोपीवाल्या बाई तिला काहीतरी म्हणाल्या. मी तोवर कुंपणाजवळ गेलो होतो, आता मनाई नव्हती.

"माझा कोन चुकला?" बायने त्यांना विचारलं.

"हो. एक चुकला."

"मी परत करू?"

"आज नाही. पुढच्या वर्षी या."

बायने विचार केला. "चालेल," म्हणाली, आणि घोड्याच्या कानामागे खाजवायला निघून गेली. मॅडमनी चाचांना फोन लावून दिला. चाचांना समुद्रावरच्या वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं, ते ओरडून विचारत होते, "पडली तर नाय ना?" आणि बाय ओरडून सांगत होती, "कान मागे होते! मग पुढे आले!"

हे सगळं सांगताना माझी बहीण बदलली, बरी झाली, असं काही मला म्हणायचं नाही. अजून तिला घड्याळ वाचता येत नाही. म्हसळ्याच्या बाजारात रविवारी गाड्यांच्या गर्दीत ती माझा हात शोधते आणि मी तो देतो. फरक इतकाच की आता ती शोधते तेव्हा देतो.

परतीला मॅडम केंद्रातून आलेल्या श्रीवर्धनच्या इतर मुलांबरोबर वेगळ्या गाडीने गेल्या. आम्ही दोघं एसटीने मुरूडवरून आगरदांड्याला आलो आणि फेरीबोटीत बसलो. बायने खिडकीजवळच्या बाकावर पिशव्या ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी बसली. मला म्हणाली, "दादा, तू बस." मी बसलो. खाडीचं पाणी संथ होतं. बोट हलली एवढं मला कळलं. त्यापुढचं काही आठवत नाही, कारण मी झोपलो. बाहेर तिच्याबरोबर असताना मी कधी डोळा मिटला नव्हता.

तिने माझा खांदा हलवला. "उठ. दिघी आली." दोन्ही पिशव्या तिच्या खांद्यावर होत्या. लोक उतरायला लागले होते. मी गोंधळून उभा राहिलो, चष्मा शोधायला लागलो. तो तिच्या हातात होता.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं? फोनवर तुम्ही नीट बोललाच नाहीत." मी तोंड उघडणार होतो, पण म्हटलं, हे सांगायचं काम माझं नाही. मी चपला काढून मोरीवर पाय धुवायला गेलो. आतून बायचा आवाज येत होता, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"वहिनी, कापड फाटफाट वाजलं. घोडा घाबरला. दादा घाबरला. मग मी थांबवला घोडा."

"आणि दादाला?" बायकोने विचारलं.

"दादा लांब होता," बाय म्हणाली. "भात आहे का? भूक लागली."